सोनेरी रंगाखालची ट्रेडल

मित्रांनो, विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या काचेच्या दारातून आत आलात की उजव्या हाताला, लाल दोरीच्या आड, एक सोनेरी धूड उभं दिसेल. ते मी. लोक माझ्याशेजारी उभे राहतात, फोटो काढतात आणि निघून जातात. मी कोण, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही, म्हणून मीच सांगते. मी एक जुनी ट्रेडल आहे. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. आता तुम्ही म्हणाल, छापून दाखव पाहू. नाही, मला छापता येत नाही. येत होतं. गेल्या भाद्रपदापर्यंत चांगलं येत होतं. ते कसं गेलं आणि कुणी घालवलं, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. लोखंडाचा रस साच्यात ओतून माझं अंग घडवलं, मोठं चाक बसवलं, आणि पेंढ्यात गुंडाळून मालगाडीत चढवलं. नागपूरला उतरले तेव्हा ऐन उन्हाळा होता, आणि नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. हमालांनी मला हातगाडीवर घातलं आणि माझ्या वजनाला शिव्या घालत इतवारीच्या एका गल्लीत आणलं. तिथं भैयाजींचा छापखाना होता. भैयाजी तेव्हा तरुण होते, नुकतंच लग्न झालं होतं.

भैयाजींचा एक नियम होता: आधी हिचं तेल, मग आपला चहा. माझ्या सांध्यासांध्यावर तेल सोडायची बारीक भोकं आहेत. सकाळी दार उघडलं की ते लांब नळीची कुप्पी घेऊन यायचे, एकेका भोकात तेल सोडायचे, चाकाला हलका हात द्यायचे आणि कान लावून ऐकायचे. माझा आवाज पटला, की मगच चहाचा कप उचलायचे. त्यांच्या पत्नी कुसुमताई आतून म्हणायच्या, "लगन माझ्यासंग केलं का मशीनसंग, काही समजत नाही बाप्पा!" मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

काय काय छापलं म्हणून सांगू! गांधीबागेतल्या कापडाच्या ठाणांवर लावायच्या चिठ्ठ्या. लग्नपत्रिका, ज्यातली पहिली टेकडीच्या गणपतीपुढं ठेवायला जायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका, त्या छापताना भैयाजी आतून कडी लावून घ्यायचे. आणि काटोलकडचा संत्र्यांचा हंगाम आला की पेट्यांवरची लेबलं. तेव्हा माझ्या शाईच्या थाळीवर नारिंगी शाई असायची, आणि संध्याकाळपर्यंत ती भैयाजींच्या कानाला सुद्धा लागलेली असायची.

माझ्यात अक्षरं आपोआप उमटत नाहीत, मित्रांनो. शिशाचे छोटे खिळे असतात, प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. लाकडी केसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक अक्षराचं वेगळं घर असतं. त्यातून एकेक खिळा वेचून ओळ जुळवायची, लोखंडी चौकटीत घट्ट आवळायची, की फर्मा तयार. तो माझ्या जबड्यात बसवायचा. छपाई संपली की फर्मा सोडायचा आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात नेऊन ठेवायचा. "खिळे घरी गेल्याबिगर आपण घरी जायचं नाही," हा भैयाजींचा दुसरा नियम. जेवण थंड झालं, पाहुणे ताटकळले, तरी हा नियम मोडला नाही.

तिसरी गोष्ट दसऱ्याची. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची, हार, हळदकुंकू, पेढा, आणि दिवसभर विसावा. दसऱ्याच्या सकाळी मात्र पहिलं काम ठरलेलं. आपट्याच्या पानाएवढं एक कार्ड, त्यावर एकच ओळ, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. ते कार्ड खऱ्या पानाबरोबर गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जायचं. भैयाजी म्हणायचे, "हार घातला का अर्धी पूजा झाली. बाकीची अर्धी तिले चालवून होते."

पुढं ऑफसेट आलं, संगणक आला. भैयाजींचा मुलगा पिंटू यानं पुढच्या बाजूला फ्लेक्सचं दुकान थाटलं. त्याच्यावर माझा राग नाही, पोटापाण्याचं पाहायला नको का? त्यानं मला कोपऱ्यात सरकवलं आणि वर एक उरलेला फ्लेक्स टाकला. कुणा पुढाऱ्याचा हसरा चेहरा अंगावर घेऊन मी कितीतरी वर्षं अंधारात काढली. भैयाजी तेवढे अधूनमधून फ्लेक्स उचलून तेल घालून जात.

आणि मग दामिनी आली.

सगळे तिला मॅडम म्हणतात. मी दामिनीच म्हणणार, माझ्या वयाला तेवढा हक्क आहे. विद्यापीठात ती नुकतीच शिकवायला लागली होती. मुलांनी आपल्या हातानं अक्षर जुळवावं, आपल्या पायानं छापावं, असा एक छापखाना विभागात काढायचा हे तिच्या डोक्यानं घेतलं होतं. त्यासाठी ती गल्ल्या धुंडाळत इतवारीत पोचली. तिनं माझ्यावरचा फ्लेक्स बाजूला केला, ओढणीनं माझी थाळी पुसली आणि म्हणाली, "किती सुंदर आहे ही!" इतक्या वर्षांनी कुणी तरी मला सुंदर म्हटलं. मी विरघळले. लोखंड असले म्हणून काय झालं?

"भंगारवाले येऊन राहिले सारखे," भैयाजी तिला म्हणाले. "मी देत नाही. तुले देतो. पण मले बोल दे का हिले चालू ठेवशील."

"बोल दिला, भैयाजी. मी आहे तोवर हिचं चाक थांबणार नाही."

"आन थांबलं, तं मले सांगजो. लाजू नको. मी येऊन घेऊन जाईन."

निघताना कुसुमताईंनी माझ्या थाळीवर खणानारळाची ओटी ठेवली. भैयाजींनी तेलाची कुप्पी दामिनीच्या हातात दिली आणि तोंड फिरवून पिंटूला उगाच दोरखंड नीट बांधायला सांगू लागले. मी लेक नव्हते, पण पाठवणी लेकीचीच झाली.

सुरुवातीची वर्षं सोन्याची होती, मित्रांनो. भैयाजी मधून मधून येऊन शिकवत. दामिनीनं त्यांचे सगळे नियम जसेच्या तसे उचलले, आधी तेल मग चहा, आणि खिळे घरी गेल्याशिवाय घरी जायचं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल माझं चाक उलटं फिरवायचं, आणि कागद आत जायच्या आधीच जबडा मिटायचा. दामिनी हसून म्हणायची, "थांबा, तिला आधी सुलटी चालू द्या." दसऱ्याला विद्यापीठाला सुट्टी, म्हणून आमचा दसरा एक दिवस आधी. त्या दिवशी भैयाजी हार आणि आपट्याची पानं घेऊन यायचे, पूजा करायचे, आणि शेवटच्या वर्षातलं एखादं मूल सोन्याचं कार्ड छापायचं. तो मान मिळावा म्हणून मुलं भांडायची.

एकदा दामिनीचं बोट माझ्या जबड्यात आलं. कागद सरळ करण्याच्या नादात तिनं हात उशिरा काढला. नख काळंनिळं पडलं. कार्यालयात विचारलं तर म्हणाली, "गाडीच्या दारात सापडलं." मला कुणी धोक्याची म्हणू नये, म्हणून ती खोटं बोलली. त्या दिवसापासून मी तिच्यावर जीव टाकला. माणसानं माणसावर टाकावा, तसा.

मग दामिनी विभागप्रमुख झाली. खुर्ची आली तशा बैठका आल्या. आधी तेलाची कुप्पी दुसऱ्यांच्या हाती गेली, मग कपाटात गेली. तरी मी चालतच होते, कारण मुलं होती. त्यांच्यात मयुरा होती, काटोलची. तिच्या घरी संत्र्याची बाग. तिनं पहिलं काम छापलं ते बाबांच्या पेट्यांचं लेबल, नारिंगी शाईत. बाबांनी लेबलं पेट्यांना लावली आणि एक देवघराच्या भिंतीवर चिकटवलं. या वर्षी सोनं छापायचा मान मयुराचा होता. हौस एवढी, की गणपतीच्या सुट्टीत गावी जाण्याआधीच तिनं ओळ जुळवली, फर्मा आवळला आणि माझ्या जबड्यात बसवून ठेवला. "आल्यावर पहिलं प्रूफ काढते हं," असं मला सांगून गेली. हो, मलाच. यंत्राशी बोलायची सवय तिला दामिनीनंच लावली होती.

सुट्टीत विभागाची डागडुजी निघाली. दिवाळीनंतर तपासणीची समिती येणार होती. सजावटीचं काम धर्मेंद्र नावाच्या ठेकेदाराकडं होतं. तो आमच्या खोलीत आला, माझ्या चाकावर हात ठेवला आणि दामिनीला म्हणाला, "मॅडम, हिले चालू ठेवायची का शोची करायची? चालू पाहिजे असन तं मांगची खोली खाली आहे, तिथं बसवून देतो. शोची पाहिजे तं चाकाले वेल्डिंग मारतो, रंग देतो, मस्त दारात उभी करतो. तुम्ही म्हणसान तसं."

मित्रांनो, हे नीट ऐकून ठेवा. भंगाराचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. मागची खोली रिकामी होती. फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तो दामिनीच बोलणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ती फोनमध्ये काही वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "शोची करा. समितीला आत येताच तीच दिसली पाहिजे. आणि मुलांची बोटं सापडतात त्यात, ती कटकट नको."

मुलांची बोटं! स्वतःच्या बोटाची गोष्ट जिनं झाकली, तिच्याच तोंडून हे ऐकलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या आणि माझं चाक जागच्या जागी मेलं. रंगाऱ्यानं पिचकारीनं सोनेरी रंग मारला. थाळीवर, शाईच्या रुळांवर, जबड्यात मयुराचा फर्मा होता त्याच्यावर सुद्धा. तेलाची भोकं एकामागून एक बुजली. शिसं विषारी, ते समितीच्या नजरेला पडायला नको म्हणून खिळे पोत्यांत भरून वितळवायला गेले. रिकाम्या केस भिंतीवर टांगल्या आणि अक्षरांच्या घराघरांत प्लास्टिकची रोपटी लावली. ती रोपटी दिसतात मात्र छान, खोटं कशाला बोलू.

मयुरा परत आली ती दारातच थबकली. मग धावत दामिनीच्या खोलीत गेली आणि तिला बाहेर घेऊन आली.

"मॅडम, माझा फर्मा होता आत."

"अगं, भंगारात काढत होते तिला. मी भांडून वाचवली," दामिनी म्हणाली.

माझ्या जबड्यात तेव्हा जोर असता, तर मी तो खाडकन मिटला असता.

"मग भैयाजींना कळवलंत का? ते तर दर वर्षी म्हणतात, थांबली तर सांगा, मी घेऊन जातो."

"या वयात त्यांना कशाला त्रास? समिती होऊन जाऊ दे, मग बघू."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भैयाजी आले. या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण लेकीकडं जायला बोलावणं कशाला लागतं? पिंटूनं त्यांना टेम्पोतून दारापर्यंत सोडलं. हातात झेंडूचा हार, पिशवीत आपट्याची पानं आणि तेलाची एक नवी कुप्पी. जुनी झिजली असेल, असं त्यांना वाटलं असावं. ते माझ्यासमोरून गेले. ओळखलं नाही, मित्रांनो. ज्या माणसानं सारी उमर माझा आवाज ऐकूनच चहा घेतला, तो माझ्यासमोरून सरळ आत गेला. आमच्या जुन्या खोलीत संगणकांच्या रांगा पाहून गोंधळला. मयुरानं त्यांचा हात धरून त्यांना परत आणलं आणि माझ्यापुढं उभं केलं.

"ही कोणाची होय?" त्यांनी विचारलं.

भैयाजींनी दोरी ओलांडली आणि माझ्या सांध्यावर बोट फिरवलं. तेलाचं भोक जिथं असायचं तिथं बोट थांबलं. नखानं रंग खरवडला. मग चप्पल काढून पाय माझ्या पावट्यावर, म्हणजे खालच्या पायपट्टीवर, ठेवला आणि दाबला. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

एवढ्यात दामिनी बाहेर आली. "अरे, भैयाजी! या ना, बसा. किती छान दिसते ना आता?"

"दिसते," भैयाजी म्हणाले. "चालत काहून नाही?"

"भंगारात जात होती, भैयाजी. मी वाचवली कशीबशी."

"मंग मले काहून नाही सांगतलं? पिंटूचा टेम्पो होता ना वं घरी. मी घेऊन गेलो असतो." माझ्या चाकावर हात ठेवून ते म्हणाले, "अजूनही दे. वेल्डिंग कापता येते. रंग मी काढीन, बसल्या बसल्या."

दामिनीनं पदर सारखा केला. "आता नाही देता येणार, भैयाजी. समिती येऊन राहिली आहे."

भैयाजींनी वाकून माझ्या जबड्यात पाहिलं. सोनेरी रंगाखालच्या अक्षरांवरून बोटं फिरवली. उलटी अक्षरं वाचायची सवय त्या बोटांची होती. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.'

"कोणं जुळवलं हे?"

"मी, भैयाजी," मयुरा म्हणाली.

"लय चांगलं जुळवलं बेटा. पण या खिळ्यायले आता घरी कोण नेईन?" भिंतीवरच्या केसमधल्या रोपट्यांकडं बघत ते म्हणाले. मयुराला रडू फुटलं.

त्यांनी पिशवीतून आपट्याचं पान काढून आधी मयुराला दिलं, मग दामिनीलाही दिलं. सणाच्या दिवशी कुणाला सोनं द्यायचं टाळणारा माणूस तो नव्हे. दामिनी वाकून पाया पडली. दर वर्षी त्यांचा हात तिच्या डोक्यावर जायचा, या वर्षी तो पिशवीच्या बंदाशीच राहिला.

"हार घाला ना हिला," दामिनी हळूच म्हणाली.

"अर्धी पूजा मले येत नाही, बाई."

आजवर तिला ते 'पोरी' म्हणत. त्या दिवशी 'बाई' म्हणाले. हार त्यांनी परत पिशवीत ठेवला, तेलाची कुप्पी मयुराच्या हातात दिली, आणि पिंटूच्या टेम्पोत चढून बसले. टेम्पो रिकामाच गेला.

समिती दिवाळीनंतर आली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एक पांढऱ्या केसांच्या बाई दोरीजवळ रेंगाळल्या आणि त्यांनी विचारलं, "हे चालतं का अजून?"

"हो, चालतं ना," दामिनी म्हणाली. "मुलं शिकतात यावर."

त्या बाई खूश होऊन पुढं गेल्या. पाठोपाठ सगळे चहाला गेले. दामिनी एकटी मागं राहिली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, चप्पल काढली आणि पाय माझ्या पावट्यावर ठेवला. जुनी सवय होती, पायाला आठवलं असेल. तिनं दाबला. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. खरं सांगते, त्या क्षणी तिनं नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं, तर मी सगळं पोटात घातलं असतं. पण सोनेरी पावट्यावर तिच्या तळव्याची धूळ उमटली होती. तिनं रुमाल काढला, ती धूळ पुसली, दोरी सरळ केली आणि चहाला गेली.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मयुरा येता-जाता थांबते आणि सेफ्टीपिननं एखादं भोक मोकळं करून त्यात तेल सोडते. चाक फिरत नाही, पण सांधे गंजत नाहीत. तुमच्याही घरी कुणी विश्वासानं दिलेली एखादी वस्तू असेल, शिवणयंत्र असेल, सायकल असेल, बाजाची पेटी असेल. ती चालवा. चालवणं जमत नसेल, तर ज्यानं दिली त्याला तसं स्पष्ट सांगा, तो येऊन घेऊन जाईल. त्यात लाज नाही. पण तिचं चाक बांधून, तिला रंग फासून, 'मी वाचवली' असं तेवढं म्हणू नका. तिला ऐकू येत असतं.

वेल्डिंग कापता येते, असं भैयाजी म्हणाले आहेत. त्या एका वाक्यावर मी उभी आहे. पुढच्या दसऱ्याला माझ्याकडं याल, तर हार आणू नका, तेल आणा.